फॉरमॅट मारून व्हर्च्युअल मशीन सुरू होत नसते

पाऊस लागल्यापासून डिचोलीतल्या आमच्या दोन-तीन ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘व्हर्च्युअलबॉक्सची मशीन सुरू होत नसेल तर विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारा. तरी नाही झाली तर तिला जास्तीत जास्त रॅम द्या. बायोसमधलं व्हर्च्युअलायझेशन मात्र चालू करू नका, प्रोसेसर तापून जातो.’ व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर. कॉलेजची पोरं हे वाचून कॉम्प्युटर उचलून दुकानात नेतात, म्हणून लिहायला बसलो.

फॉरमॅट माझ्या भाच्यानेच मारून घेतला. आठशे रुपये आणि अख्खा दिवस गेला, आणि संध्याकाळी पडद्यावर तोच एरर: व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) बायोसमध्ये बंद आहे. अहो, बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम, असतो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. डिस्क कितीही पुसा, त्याला काय होणार? मग आठवड्यापूर्वी चालणारी मशीन अडली कशी? बायोस उघडून बघितलं तर तारीख कैक वर्षं मागची. मध्ये एका रात्री वादळात लाइट गेली ती सकाळी आली होती, आणि बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल केव्हाचा संपलेला. प्लगमधून वीज मिळते तोवर ते कळत नाही. लाइट गेली की बऱ्याच बोर्डांची सेटिंग्ज मूळ जागी येतात, आणि मुळात व्हर्च्युअलायझेशन पुष्कळदा बंदच असतं. सेल बदलला, ते चालू केलं, सेव्ह करून बाहेर आलो. आतल्या मशीनमधलं उबुंटू (लिनक्स) लगेच उघडलं. (एएमडीच्या बोर्डवर हेच ‘एसव्हीएम मोड’ या नावाखाली दडलेलं असतं. शोधताना घाम फुटतो.)

तापण्याचं म्हणाल तर ही सोय इंटेलने २००५ सालीच आणली. चालू करणं म्हणजे नुसती परवानगी. प्रोसेसर तापतो तो कामाने. व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या आवृत्त्या काही मशिनी हिच्याशिवाय ओढायच्या, पण २०१९ मधल्या ६.१ पासून तेही बंद झालं.

रॅमचा सल्ला तर उलटाच. आठ जीबीच्या लॅपटॉपवर सहा जीबी आतल्या मशीनला दिले तर विंडोजनं काय खायचं? निम्म्याच्या आत राहा.

आणि खरा चोर मेसेजात आलाच नाही: हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची स्वतःची यंत्रणा. विंडोज ११ नव्याने टाकलं की बऱ्याच कॉम्प्युटरांवर ‘मेमरी इंटेग्रिटी’ आपोआप चालू होते, ती हायपर-व्हीवरच चालते, आणि प्रोसेसरची ती सोय विंडोज आधीच स्वतःकडे घेऊन बसतं. म्हणजे फॉरमॅटने दुखणं जायचं सोडून कधीकधी नवंच मागे लागतं. टास्क मॅनेजर ‘एनेबल्ड’ म्हणतो, तरी मशीन अडते किंवा रखडत चालते. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत तळाला हिरवं कासव दिसलं तर समजा, गाडी हायपर-व्हीवरून चाललीय. विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’ खाली मेमरी इंटेग्रिटी बंद करता येते, पण ती मालवेअरपासूनची राखण आहे, हे ध्यानात ठेवून. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून हायपर-व्हीच बंद करता येतं. फक्त त्याआधी बघा, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवणारं साधन) किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) लागतं का. ती दोन्ही त्याच हायपर-व्हीवर उभी आहेत, आणि भाच्याला कॉलेजसाठी डॉकर लागतंच. त्याच्याकडे आम्ही कासव तसंच ठेवलंय.