लोण्यासारखा मिकी

नऊ मिनिटांच्या कार्टूनचं परीक्षण लिहायला मला चार दिवस लागले. त्यातले साडेतीन दिवस वरच्या मजल्यावरच्या नानांशी मनातल्या मनात भांडण्यात गेले. अजूनही जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की माझे मुद्दे आपोआप रांगेत उभे राहतात.

झालं एवढंच, की आमच्या टीव्हीचा पॅनल गेला. दुरुस्तीवाल्यानं स्क्रू ड्रायव्हरही न काढता ‘नवाच घ्या’ म्हणून सांगितलं. लॅपटॉपच्या चौदा इंचांत ‘वन्स अपॉन अ स्टुडिओ’ बघणं म्हणजे पोस्टाच्या तिकिटावर पंगत बसवणं. नानांकडे दिवाळीत घेतलेला पासष्ट इंची आहे. म्हणून गेलो.

आधी पंगतीबद्दल. डिस्नेची कंपनी १६ ऑक्टोबर १९२३ ला सुरू झाली. तिला शंभर वर्षं होण्याच्या आदल्या दिवशी, १५ ऑक्टोबर २०२३ ला, हा लघुपट अमेरिकेत टीव्हीवर दाखवला गेला. मिकी १९२८ चा, त्याच्या वयाच्या मानानं हा लघुपट कालचाच. दिग्दर्शक डॅन अब्राहम आणि ट्रेंट कोरी. गोष्ट पोस्टकार्डावर मावेल: संध्याकाळी माणसं घरी जातात, स्टुडिओच्या भिंतींवरच्या तसबिरींतून पात्रं बाहेर येतात आणि सगळ्यांचा एक ग्रुप फोटो काढायचं ठरतं. आपल्याकडे लग्नात अक्षता पडल्यावर ‘आता मुलीकडचे या’ म्हणून जो गोंधळ होतो, तोच. फक्त इथे मामांच्या जागी हत्ती.

पात्रं किती? ५४३.

हा आकडा मी सहज बोलून गेलो आणि तिथेच चूक झाली. नाना निवृत्त नायब तहसीलदार. आयुष्यात किती निवडणुका काढल्या हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ आहे. ५४३ ऐकल्यावर ते सोफ्यावर सरळ बसले.

“लोकसभा?”

“नाही नाना, कार्टून.”

“तेच.”

पुढची नऊ मिनिटं पडद्यावर कुणीही आलं की नानांचा एकच प्रश्न: “हा कुठला?” नाव नको, चित्रपट नको, मतदारसंघ सांगा. स्नोव्हाइट १९३७, पिनोकियो १९४०, डालमेशियन कुत्री १९६१, असं मी सांगत गेलो. नाना मान डोलावत ‘जुनी सीट’, ‘जुनी सीट’, ‘ही फेररचनेत आली असणार’ अशी नोंद घेत गेले. ऑस्वाल्ड ससा दिसल्यावर मात्र मीच वाहवलो, कारण त्याची हकीकत खरोखरच राजकारणात शोभणारी आहे. १९२७ साली वॉल्ट डिस्नेनं हा ससा उभा केला. पुढच्याच वर्षी कळलं की हक्क युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीकडे आहेत. ससा गेला, आणि त्या चिडीतून उंदीर आला. शेवटी २००६ मध्ये डिस्नेनं अल मायकल्स या क्रीडा समालोचकाला करारातून मोकळं करून समोरच्या कंपनीकडे जाऊ दिलं आणि बदल्यात जे काही मिळवलं, त्यात हा ससा होता. जिवंत माणूस देऊन चितारलेला ससा घेतला.

“अठ्ठ्याहत्तर वर्षांनी घरवापसी,” नाना म्हणाले. “मंत्रिपद दिलं का?”

“नाही. फोटोत उभं केलं.”

“मग हायकमांड हुशार आहे.” थोड्या वेळानं परत: “ते टॉम आणि जेरी कुठे दिसत नाहीत?”

“ते दुसऱ्या कंपनीचे.”

“विरोधी पक्ष. म्हणजे सभात्याग.”

माई खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी बालू अस्वल ओळखलं, पण विमान चालवणारा म्हणून. त्यांचं बरोबरच होतं; नव्वदीत दूरदर्शनवर रविवारी ‘टेलस्पिन’ लागायचं, त्यात बालू वैमानिक होता. मोगलीला बघून मात्र ‘हा तो नव्हे’ म्हणाल्या. तेही बरोबर. दूरदर्शनवरचा मोगली जपानी मालिकेतला, हा १९६७ च्या डिस्नेपटातला. त्या घरात माझ्या धंद्याचं काही कळणारं माणूस मेथी निवडत बसलं होतं आणि रिमोट भलत्याकडे होता.

खरं दुखणं रिमोटचंच. मिकी पहिल्यांदा चालला आणि माझ्या पोटात कालवलं. तो चालत नव्हता, तेलावरून घसरत होता.

“बघ,” नाना म्हणाले, “हालचाल कशी लोण्यासारखी!”

हे लोणी कुठून येतं ते सांगतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. हा आळस नाही, हा ठेका आहे. पात्र थबकतं, झेपावतं, पुन्हा थबकतं, त्यात वजन असतं. नवा टीव्ही मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र ताजं करतो. १२० वाल्यानं प्रत्येक फ्रेम पाच वेळा दाखवली की चोवीस पंचे एकशेवीस, हिशोब चोख. ६० वाल्याला एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी कसरत करावी लागते आणि कॅमेरा संथपणे सरकला की चित्र किंचित अडखळतं. ते अडखळणं दिसू नये म्हणून टीव्हीतली चिप दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने काढते. याला मोशन स्मूदिंग म्हणतात. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं आणि गोंडस नाव दिलंय, म्हणून ते सेटिंग सापडत नाही.

आता चिप आणि चित्रकार यांच्यात भांडण लागतं. दोन फ्रेम एकच चित्र असलं की चिपला वाटतं पात्र थांबलं. मग एकदम पुढचं चित्र येतं. चिप तिथे घाईनं लोणी लावते, पुढच्या फ्रेमला हात आखडते, पुन्हा लावते. झटका आणि घसरगुंडी आलटून पालटून. सगळ्यात वाईट हाल ‘स्मिअर’चे. डोनाल्डसारखं पात्र गर्रकन वळताना ॲनिमेटर मध्ये एकच विचित्र चित्र टाकतो: चोच हातभर ताणलेली, किंवा एका हाताचे चार हात. ते सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरतं असतं. डोळ्याला दिसत नाही, पण वेग जाणवतो. चिपला ते दिसतं. ती चार हातांपैकी कुठला हात खरा याचा शोध घेते, सापडत नाही, आणि पात्राभोवती पिठल्यासारखा काहीतरी पदार्थ तयार करते.

या लघुपटात तर हे दुप्पट बोचतं. कारण मागचा स्टुडिओ खरा चित्रित केलेला आहे, खऱ्या जिन्यांवर आणि खऱ्या दारांत चितारलेली पात्रं बसवली आहेत. कॅमेरा सरकत असताना पात्र दर दोन फ्रेमना हललं तर पाय जमिनीवरून सुटल्यासारखे थरथरतात. म्हणून अशा ठिकाणी प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढावं लागतं. खरी माणसं आणि कार्टून एकत्र दाखवणाऱ्या १९८८ च्या ‘रॉजर रॅबिट’ चित्रपटाच्या वेळी रिचर्ड विल्यम्स यांनी तेच केलं होतं, वर सावलीचे आणि उजेडाचे थर वेगळे. इथे हाताने काढलेल्या पात्रांची जबाबदारी एरिक गोल्डबर्ग यांच्यावर होती. १९९२ च्या ‘अलादीन’मधला जिनी हलता केला तोच हात. त्या हातानं एकेका पावलाला टेकवायचं, आणि नानांच्या टीव्हीनं ते पुन्हा उचलायचं!

शिवाय चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’. मिकीची लाल चड्डी सिग्नलसारखी पेटलेली. शार्पनेस शेवटच्या टोकाला, त्यामुळे प्रत्येक काळ्या रेघेला पांढरी किनार. या लघुपटातली निम्मी गंमत रेघांत आहे हो. १९३७ च्या बायांनी सेलवर, म्हणजे पारदर्शक कागदावर, शाईनं गिरवलेली बारीक रेघ, १९६१ पर्यंत झेरॉक्सचं तंत्र आल्यावर थेट पेन्सिलीवरून उतरलेली खरबरीत रेघ, नव्वदीतली संगणकावर रंगवलेली गुळगुळीत रेघ आणि पुढची रेघच नसलेली त्रिमित पात्रं, ही चार पिढ्यांची माणसं एका जिन्यात उभी असतात. शार्पनेसनं सगळ्यांना एकच बोर्डर मारली, शाळेतल्या चार्टसारखी. आणि स्क्रीन ‘झूम’वर, कारण नानांना वरखाली काळ्या पट्ट्या आवडत नाहीत. ग्रुप फोटोत कडेला उभं राहिलेल्यांचं सदस्यत्व तिथेच रद्द.

“नाना, ते मोशनचं जरा बंद करू का?”

“का?”

“हालचाल खोटी दिसतेय.”

“कार्टूनची हालचाल खरी असते?”

याला उत्तर आहे, पण ते सव्वा तासाचं आहे.

“पण चित्रकारांनी जेवढी चित्रं काढलीत तेवढीच दिसायला हवीत ना.”

“अरे, त्यांनी बारा काढली, हा एकशेवीस दाखवतो. तक्रार कसली करतोस? आणि त्याचे वेगळे पैसे दिलेत मी. दुकानदारानं दोन टीव्ही शेजारी ठेवून दाखवलं. एकात धबधबा अडकत होता, एकात वाहत होता.”

धबधब्यापुढे बोलायची सोय नव्हती. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझनं चित्रीकरणाच्या जागेवरून व्हिडिओ काढून लोकांना हेच सेटिंग बंद करायची विनंती केली होती. विमानाला लटकणारा माणूस इथे हात जोडून उभा राहिला, तर माझी काय कथा.

नाना चहाचं सांगायला आत गेले तेव्हा मी रिमोट उचलला. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोन रबरबँड. पिशवीतून बटण दाबलं की शेजारचं लागतं. तरी सेटिंग, पिक्चर, ॲडव्हान्स्ड असं करत पोचलो आणि बंद केलं. परत येऊन बघतो तर मिकी घसरतोच आहे. बऱ्याच टीव्हींत हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं साठवलं जातं, आणि साध्या व एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांच्या) चित्रालाही वेगळं. मी गडबडीत सेट टॉप बॉक्सचं बंद करून आलो होतो. तुम्ही करणार असाल तर आधी तोच कार्यक्रम त्याच ॲपमध्ये चालू करा आणि मग मेनू उघडा. ‘फिल्ममेकर’ मोड असेल तर तो निवडा, त्यानं बहुतेक कामं एकदम होतात. नसेल तर ‘सिनेमा’, मग मोशन पूर्ण बंद, शार्पनेस अगदी खाली, चित्राचा आकार ‘ओरिजिनल’. उजेड बघून पडदा मंद करणारं ‘इको’ही बंद करा, ते एखाद्या अंधाऱ्या प्रसंगात नेमकं जागं होतं.

लघुपटाबद्दल चार शब्द लिहायचे तर: गुफी शिडीवर चढतो, पडतो, कॅमेरा फुटतो, सगळे हिरमुसतात, मग गाणं होतं आणि फोटो निघतो. खलपात्रंही पाहुण्यांसारखी वागतात. कंपनीनं स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच केलेला सत्कार आहे हा, आणि सत्कारात असतं तेवढंच नाट्य त्यात आहे. नऊ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद, पात्रं ५४३. श्रेयनामावली वजा न करताही प्रत्येकाला सेकंद पुरत नाही. मला ही जत्रा ओळखीच्या चेहऱ्यांवर जगणारी वाटली. मात्र एक जागा फार चांगली आहे. मिकी धावता धावता वॉल्ट डिस्नेच्या तसबिरीपुढे थांबतो, टोपी काढतो, आभार मानतो आणि निघतो. मागे फक्त पियानो, तोही डिस्नेपटांचे जुने संगीतकार रिचर्ड शर्मन यांनी स्वतः वाजवलेला. जिनीला आवाज रॉबिन विल्यम्सचा आहे. २०१४ साली गेलेल्या माणसाचा आवाज ‘अलादीन’च्या वेळच्या न वापरलेल्या ध्वनिमुद्रणातून, वारसांच्या परवानगीनं घेतलाय. हे सांगितल्यावर माईंची मेथी थांबली. नाना म्हणाले, “मयत मतदार. नाव यादीत राहिलंय.”

आणि मग शेवट. सुरुवातीला स्टुडिओतून बाहेर पडताना दिसणारे म्हातारे गृहस्थ बर्नी मॅटिन्सन. १९५३ ला स्टुडिओच्याच टपाल विभागात लागले, पुढे चित्रकार, दिग्दर्शक, सत्तर वर्षं तिथेच. लघुपट लोकांपर्यंत यायच्या आधी फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. तो त्यांना अर्पण केलाय. शेवटची श्रेयनामावली वाचायला मी चष्मा पुसला, तेवढ्यात चित्र कोपऱ्यात बोटभर झालं, ‘पुढचा कार्यक्रम ५ सेकंदांत’ आलं आणि मी पिशवीतून ‘बॅक’ दाबलं. आवाज वाढला. एक बाई मोठ्यानं केक कापू लागली.

“झालं की,” नाना म्हणाले. “नावं कोण वाचतं?”

इथे माझा तोल गेला. महिनोन्‌महिने रेघ न्‌ रेघ काढणाऱ्यांचं एकुलतं एक ठिकाण ते. तेही आपण केकसाठी पाच सेकंदांत आवरायचं? मी विचारलं, “नाना, मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षानं सही केली नाही तर?”

“फॉर्म सतरा सी, झालेल्या मतांचा हिशोब, अपुरा. पेटी घेत नाहीत. रात्री दोनपर्यंत बसवून ठेवतात.”

“हा यांचा सतरा सी आहे.”

नाना गप्प झाले. रबरबँड काढले, पिशवी काढली, सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या हातानं ‘पुढचं आपोआप सुरू’ बंद केलं आणि सगळी यादी वरपासून खालपर्यंत चष्मा लावून वाचून काढली. एका आडनावाच्या स्पेलिंगवर हरकतही घेतली. त्या धुंदीत मी मोशनही बंद करून घेतलं. योग्य इनपुटचं.

काल लिफ्टमध्ये भेटले.

“तू काय केलंस रे टीव्हीला? मालिकेतली सून पूर्वीसारखी चालत नाही. कधी येतोस लोणी लावून द्यायला?”