सापकांदा किडे मारतो, पण खात नाही

मृगाचा पाऊस पडला की सह्याद्रीत सापकांदा उगवतो आणि पाठोपाठ मोबाईलवर तो जुना फॉरवर्डही. फोटो खरा असतो: नागाच्या फण्यासारखं वाकलेलं पांढरं आवरण, गळ्याशी जांभळी झाक. मजकूर मात्र असा: 'हे मांसाहारी फूल किडे खातं. नुसत्या स्पर्शाने माणूस मरतो. जवळपास नाग असतोच. याचा कंद सर्पदंशावर रामबाण.'

'मांसाहारी' हा गैरसमज समजू शकतो, कारण आत मेलेले किडे सापडतात. पण पचवायला लागणारे रस सापकांद्यात नाहीत. खरे किडेखाऊ बघायचे तर कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं ही झाडं बघा. (इतक्या नाजूक निळ्या फुलाला कुणी 'मांसाहारी' म्हणून फॉरवर्ड करत नाही!)

मग किडे मरतात कशाला? सापकांद्याच्या कुळाचा बारकाईने अभ्यास जपानमध्ये झालाय. अळिंबीवर अंडी घालणाऱ्या चिलटाएवढ्या माश्या फसून फण्याखालच्या नळीत उतरतात. आतली भिंत गुळगुळीत, वर चढता येत नाही. नळी नराची असेल तर तळाशी बारीक फट असते. माशी परागकण अंगावर घेऊन तिथून निसटते आणि शहाणी न होता पुढच्या फण्यात शिरते. तो मादीचा निघाला तर फट नसते. बाहेर पडायची वाट शोधत ती आतल्या इवल्या फुलांवर फिरत राहते, परागीभवन होतं, माशी तिथेच मरते. हमाली करून घेतली, मजुरी बुडवली.

नर-मादीही कायमचे नसतात. कंद लहान असताना झाड नर, पोसला की मादी, आणि एखादं वर्ष वाईट गेलं की पुन्हा नर. मक्याच्या कणसासारखं लालभडक फळांचं कणीस पोसायला कंदात साठा लागतो ना!

जपानच्याच एका जातीत तर उलटी गंमत निघाली. कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की एक माशी या सापळ्यातच अंडी घालते आणि तिच्या अळ्या कुजत्या फुलोऱ्यावर वाढतात. म्हणजे तिथे जेवतो तो किडा!

आता स्पर्शाचं. मी वाकून, फणा बोटाने उचलून आत डोकावलोय आणि हे टाइप करतोय. सापकांदा विषारी आहे, पण पोटात गेल्यावर. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. चावला की त्या जिभेत-घशात रुततात, आग होते, सूज येते. अळू आणि सुरण याचेच भाऊबंद, म्हणून तर फदफद्यात चिंच पडते. पण शेवळाची रानभाजी काकडं ही आंबट फळं घालून करतात म्हणून हाही तसा शिजवून बघू नका.

नागाचा संबंध फक्त दिसण्यापुरता. तो फणा म्हणजे परागकणांवर धरलेली छत्री.

फॉरवर्डमधलं शेवटचं वाक्य सर्वांत घातक. साप चावलेल्या माणसाला हा कंद खाऊ घातला तर विष उतरत नाही, उलट घसा सुजतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवरही उपाय प्रतिविषाचं इंजेक्शन, आणि ते दवाखान्यात मिळतं. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, मिळेल त्या गाडीने तिथे पोचवा.