बाराव्या दिवशीही ताठ असलेला टोमॅटो

आज दुपारी माझ्या हातचे टोमॅटोचे सार एका माणसाने दोन घोटांनंतर वाटीतच ठेवून दिले, आणि तो माणूस म्हणजे बेळगावजवळच्या कडोलीच्या शिवारात गेली वीस वर्षे टोमॅटोच पिकवणारा माझा मामेभाऊ होता. तो बोलला काही नाही. वाटी फक्त ताटाच्या कडेला सरकवली. मी आत जाऊन चाखून पाहिले, तर रंग देखणा, पण मिरची, जिरे, ओले खोबरे, गूळ अशी सगळ्यांची चव लागत होती आणि टोमॅटोची मात्र लागतच नव्हती. शेवटी चिंचेचा कोळ घातला. टोमॅटोच्या सारात चिंच घालण्याची पाळी आमच्या घरात आजवर आली नव्हती.

हे टोमॅटो मी बारा दिवसांपूर्वी इथल्याच एका मोठ्या दुकानातून आणले होते. "पंधरा दिवस हात लावायला नको बघा, काकू," असे तिथला मुलगा म्हणाला आणि मी खूशही झाले. आज फ्रिजच्या खालच्या खणातून काढले, तेव्हा ते आणल्या दिवसाइतकेच ताठ होते. नासण्याचेसुद्धा भान नसलेल्या फळाला आपण ताजे म्हणतो, याची मला आता चीड येते.

मला आजी आठवली. 1988 साली बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरी पहिला फ्रिज आला, त्या शनिवारी बाजाराला आलेल्या मामाने कडोलीहून पोतेभर टोमॅटो आणून टाकले. मी सहावीत होते; नव्या फ्रिजच्या कौतुकात मी त्यातले निम्मे आत रचले. आजीने माझ्या हातावर एक चापट मारली, सगळे बाहेर काढले, सोप्यात बुट्टीत भाताचे पिंजर, म्हणजे पेंढा, अंथरले आणि एकेक टोमॅटो देठाची बाजू खाली करून मांडला, एकावर एक न ठेवता. "त्येला गारठा सोसत नाही," एवढेच ती म्हणाली. ते टोमॅटो चपटे, खाचा पडलेले आणि देठापाशी गर्द हिरवे होते. आजच्या दुकानात त्यांना कोणी उभे केले नसते.

देठ जिथून तुटतो त्या खळीतूनच टोमॅटोतले पाणी सर्वांत जास्त उडून जाते, म्हणून ती बाजू खाली ठेवायची, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले. गारठ्याचेही तसेच. साधारण 12 अंशांच्या खाली टोमॅटोचा सुवास घडवणारी यंत्रणा मंदावते, आणि आपला घरचा फ्रिज असतो चार-पाच अंशांवर. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की आठवडाभर 5 अंशांवर ठेवलेला टोमॅटो नंतर बाहेर काढून ठेवला, तरी त्याचा गेलेला वास पुरता परतत नाही. आजी अंगठा उठवणारी बाई होती.

जेवण झाल्यावर मी भावाला सरळ विचारले, की असले रबरी चेंडू तुम्ही लावताच कशाला? तो हसला. "अक्का, पातळ सालीचा माल जांबोटीच्या पुढं गेला की क्रेटमध्येच रस होऊन बसतोय. चोर्ला घाट उतरून गोव्यात पोचल्यावर दलाल पैसे कशाचे देणार?" म्हणून जाड सालीचे, कमी गराचे संकरित वाण लावायचे, आणि तोडाही नुसता रंग फिरायला लागला की करायचा. उरलेला रंग क्रेटमध्ये चढतो, कारण टोमॅटो स्वतःच इथिलीन वायू सोडून पिकतो. पण पानांकडून फळात येणारी साखर तोडल्या क्षणी थांबते, आणि ती मागाहून कुठल्याही खोलीत भरता येत नाही. बियांभोवतीचा जो बुळबुळीत गर असतो, ज्यात आंबटपणा आणि खरी रुची असते, तोच या वाणांत कमी केलेला आहे. (आमच्या कन्यारत्नाने व्हिडिओ पाहून तो उरलासुरला गरही चमच्याने काढून टाकायला सुरुवात केली आहे, त्यावर मी वेगळे लिहीन.)

आणि ती देठापाशी असलेली गर्द हिरवी कडा? फळ सगळीकडून सारखे पिकलेले दिसावे म्हणून जगभरच्या पैदासकारांनी ती वर्षानुवर्षे निवडून काढून टाकली. त्या हिरव्या भागातच फळ स्वतःची थोडी साखर बनवत होते, हे 2012 मध्ये उघड झाले. म्हणजे दिसणे सुधारले आणि गोडी गेली.

भावाची बाजू मला मान्य करावीच लागते, जरी मनातून करवत नसली तरी. जुना वाण पर्णगुच्छ रोगाने महिन्याभरात गुंडाळला जातो. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने काढलेल्या अर्का रक्षकसारख्या वाणात तीन रोगांशी झुंजण्याची ताकद आहे आणि फळ पंधरा दिवस टिकते. कर्ज काढून बांबू-तार उभारणाऱ्याने माझ्या सारासाठी बुडावे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? 2023 च्या जुलैत दर शंभरीपार गेला तेव्हा गल्लीगल्लीत टोमॅटोचीच चर्चा होती, पण ती सगळी दराची होती. चवीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही, आणि मीही नाही.

लिहिताना राग कुठे वळतो पाहा. वाण शेतकऱ्याच्या हातात नाही, तोडा दलालाच्या हिशोबाने होतो, पण ते बारा दिवस माझे होते. आजीने हातावर मारलेली ती चापट विसरून मीच त्या टोमॅटोंना चार अंशांत कोंडले. पूर्ण पिकून फुटायला आलेला टोमॅटो एक-दोन दिवस आत ठेवला तर बिघडत नाही, हे खरे. मी मात्र अर्धे कच्चे टोमॅटो आठ-आठ दिवस थंडीत ठेवत आले आहे.

निघताना भाऊ चपला घालता घालता म्हणाला, की विहिरीच्या कडेला घरापुरती जुन्या बियाण्याची पाच-सहा रोपे असतात, मामी ती मोडू देत नाही. मी त्याच्यावर एवढी भडकले की विचारू नका. वीस वर्षांत एकदाही मला ती दिली नाहीस, म्हटले. तो ओशाळला. "ते काय देण्यासारखे दिसतात का, अक्का? फुटलेले, वाकडेतिकडे." शनिवारी घेऊन येतो म्हणाला आहे.

बुट्टी माळ्यावरून काढून धुऊन उन्हात ठेवली आहे. पिंजर येळ्ळूरच्या मैत्रिणीकडे मागितले आहे. फ्रिजच्या खालच्या खणात आता कोथिंबीर आहे.