दोन आठवड्यांत जबरदस्ती करण्याची घाई कशासाठी?

पाळलेल्या सापाच्या पिल्लाने दोन आठवडे काही खाल्ले नाही, तर उंदराचे पिल्लू बळेच त्याच्या तोंडात सारावे, हा सापाची पिल्ले पाळण्याविषयीच्या तुमच्या लेखातील सल्ला मला घातक वाटतो. अंड्यातून बाहेर आलेले कॉर्न स्नेकचे (अमेरिकेतील, घरी पाळल्या जाणाऱ्या बिनविषारी सापाचे) पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, सहसा खातच नाही. तोवर पोटातील उरलेल्या बलकावर त्याचे भागते. त्यामुळे या दोन आठवड्यांतील बराचसा काळ मुळात उपवासाचा नसतोच.

आम्ही अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो. मुलीच्या हट्टाखातर आणलेल्या आमच्या पिल्लाने तीन आठवडे आम्हाला असाच घोर लावला होता. पेटीची एक बाजू २९-३० अंश सेल्सिअस उबदार ठेवून आणि पाच दिवस त्याला अजिबात हात न लावूनही त्याने कोमट केलेल्या उंदराच्या पिल्लाकडे ढुंकून पाहिले नाही. या जातीची पिल्ले रानात सरडे आणि लहान बेडूक खातात, हे ध्यानात घेऊन आम्ही तेच भक्ष्य सरड्याच्या टाकलेल्या कातीवर चोळले आणि रात्री अंधारात ठेवले, तेव्हा सकाळपर्यंत ते फस्त झाले होते. या सोप्या युक्तीचा लेखात उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते. वजन मात्र दर आठवड्याला ग्रॅममध्ये मोजावे (आमचा स्वयंपाकघरातला काटा यात कायमचा गेला) आणि ते सतत घटत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे जावे. जबरदस्तीने भरवायचेच झाले, तर ते त्यांनीच करावे.