"काही होत नाही" म्हणे!

आज सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणारे, ज्याला वाचायचंय त्याने वाचा.

साडेदहाला जिन्यात धाड, धाड, धाड. मला वाटलं कोण पडलं की काय, दार उघडून बघते तर गॅसवाला समोरच्यांची रिकामी टाकी एकेक पायरी आपटत खाली नेतोय. कोथरूडमधली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमच्या जिन्याच्या एकाही पायरीची कड धड राहिलेली नाही, ती याच्यामुळेच. म्हटलं अहो दादा, उचलून न्या की. तर म्हणे, "ताई, रिकामी आहे, काही होत नाही."

डोंबलाची रिकामी! शेगडी विझली म्हणजे आतला गॅस शंभर टक्के संपला असं नसतं, प्रेशर पडलेलं असतं, थोडा उरतोच. म्हणून तर रिकाम्या टाकीला पण टोपी लावून ठेवायची असते. पण टोपी असते कुठे? सील तोडलं की दोऱ्यासकट कचऱ्यात.

बरं, मग माझी भरलेली टाकी आली. आधी "कोड सांगा". म्हटलं आधी वजन करा, मग कोड. काटा टेम्पोत आहे. नेहमीच असतो तो टेम्पोत, मी इतक्या वर्षांत वर आलेला बघितलेला नाही. मग मी सील काढून तोंडात चमचाभर पाणी टाकलं, हे माझ्या सासूबाईंनी शिकवलंय, आणि बघते तर बारीक बारीक बुडबुडे, थांबायचं नाव नाही. खालून आपटत आणल्यावर दुसरं काय होणार? की आतला वायसरच गेला होता, देव जाणे. तर हा माणूस काय म्हणतो, "रेग्युलेटर लावा, बसंल आपोआप."

वास यायला लागला होता एव्हाना. तेवढ्यात शेजारच्या काकू आत डोकावल्या आणि थेट बटणाकडे हात! "अगं एग्झॉस्ट लाव ना, वास जाईल." मी अशी ओरडले की काकू अजून रुसल्यात. पण काकू, गॅस सुटलाय आणि तुम्ही बटण दाबताय, त्या बटणात ठिणगी पडते हो! लाइट लावायचा पण नाही आणि चालू असलेला बंद पण करायचा नाही. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर साचतो, वरची खिडकी उघडून भागत नाही, दार आणि बाल्कनी सताड उघडावी लागते. टोपी परत दाबून बसवली, त्याच्याकडूनच टाकी बाल्कनीत ठेवून घेतली आणि 1906 ला फोन लावला. तो 24 तास चालणारा नंबर आहे, फ्रिजवर लिहून ठेवा, मला पण ऐन वेळी आठवत नव्हता.

त्या पोराचा राग नाही मला खरंतर. टाकी लोखंडासकट तीसेक किलोची होते, दिवसभर तीन-तीन मजले चढायचं म्हणजे पाठ राहते का माणसाची? वर आणायचे पैसे बिलातच धरलेले असतात तरी मी त्याला पन्नास रुपये देते आणि देत राहीन. राग आहे तो त्या "काही होत नाही"चा, कारण ते फक्त तोच नाही म्हणत.

आमच्याच तळमजल्यावर एकजण डब्यांचा धंदा करतात. करा ना बापडे, पण जिन्याखाली, मीटरच्या बोर्डाखाली, दुचाक्यांना चिकटून पाच लाल टाक्या? लाल म्हणजे घरगुती, धंद्याला 19 किलोची वेगळी मिळते, पण ती महाग ना! आणि त्यातल्या दोन आडव्या. अहो आत लिक्विड असतं, उभ्या टाकीत वरून गॅस येतो, आडव्या टाकीतून लिक्विडच बाहेर येणार आणि ते बाहेर पडल्यावर साधारण अडीचशे पट फुगतं. हेच मी चेअरमन काकांना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही स्टोव्हच्या काळापासून बघतोय, काही होत नाही." काका, ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या ताथवड्यात टँकरमधून चोरून टाक्या भरत होते तेव्हा एकामागून एक स्फोट झाले, ते पण असंच म्हणत असतील ना? ताथवडे काय काशीला आहे?

जास्वंदीचं फूल तोडलं तर 500 रुपये दंड अशी पाटी आहे आमच्या गेटवर. फुलाला पाटी आहे, टाक्यांना नाही.

आणि तारीख तर कोणी बघतच नाही. टाकीच्या मानेजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि पुढे वर्ष असतं, ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, त्याच्या आत टाकी टेस्टिंगला जायला पाहिजे. मागच्या वेळी मला तारीख उलटून गेलेली टाकी दिली होती, परत केली तर गॅसवाला माझ्याकडे असा बघत होता जशी मी त्याच्याकडे दुधाची पिशवी फाटकी आहे म्हणून भांडतेय.

संध्याकाळी चारला बदली टाकी आली. मी जिन्यातच उभी होते. तर पहिल्या मजल्यावरून परत धाड.

मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, जिन्याखालच्या टाक्यांचे फोटो पण टाकले. पाच मिनिटांनी चेअरमन काकांचा मेसेज, "कृपया ग्रुपवर नकारात्मक विषय नकोत." त्याला अकरा अंगठे. एक अंगठा डबेवाल्यांचा, एक रुसलेल्या काकूंचा. आणि एक आमच्या ह्यांचा, म्हणे चुकून दाबला गेला.