हॅगिसची पंगत आणि दहा रुपयांचा दंड

यंदाच्या २५ जानेवारीला स्कॉटलंडच्या एअरशरमधल्या आमच्या छोट्या गावात, पबमध्ये, बर्न्स सपरचं यजमानपद माझ्याकडे आलं. दरवर्षी ते सांभाळणारे आजोबा लेकीकडे राहायला गेले आणि पबच्या मालकीणबाईंनी सरळ मलाच विचारलं. चाळीस माणसांची पंगत! आठवडाभर मला धड झोप नव्हती.

रॉबर्ट बर्न्स हा इथला कवी. १७५९ साली जवळच्याच अ‍ॅलोवे गावात मातीच्या घरात जन्मला. शेती केली, अबकारी खात्यात नोकरी केली आणि ३७व्या वर्षी गेला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८०१ मध्ये, त्याच घरात नऊ जण त्याच्या आठवणीत जेवायला जमले. तिथून ही पंगत सुरू झाली. मान हॅगिसचा: मेंढीची कलेजी, हृदय आणि फुफ्फुसं बारीक करून, ओट, कांदा, चरबी, मिरपूड घालून कोथळ्यात भरून शिजवतात. वजडी आवडीने खाणाऱ्या घरात मी वाढले, मला पहिल्याच घासाला ती चव ओळखीची वाटली. सोबत घोटलेला स्वीड कंद, घोटलेला बटाटा आणि व्हिस्की. डाळी-कडधान्यांचं शाकाहारी हॅगिसही मी आग्रहाने ठेवायला लावलं, तेच आधी संपलं.

बॅगपाइप वाजवत हॅगिसचं ताट आणलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले. आमच्या बसचे ड्रायव्हर पुढे आले आणि बर्न्सने हॅगिसवर लिहिलेली आठ कडवी त्यांनी कागद न बघता म्हटली. ठरलेल्या ओळीला सुरी उचलून हॅगिस चिरलं. भाषा स्कॉट्स, म्हणजे इथल्या घरांतली, अडीचशे वर्षांपूर्वीची. मी भारावून गेले आणि त्याच रात्री नाशिकच्या मामेभावाला व्हिडिओ पाठवला.

त्याचं उत्तर आलं, ‘ताई, बघ, हे लोक जेवून-खाऊन भाषा साजरी करतात. आपल्याकडे नुसती भांडणं. अभिजात दर्जा मिळाला, आता पहिलीपासून हिंदी आली तर काय बिघडतं?’

बिघडतं. आणि हे मला त्याच पंगतीत कळलं.

माझ्या शेजारी ऐंशी वर्षांच्या एक आजी बसल्या होत्या. त्या सांगत होत्या, शाळेत घरच्यासारखं बोललं की बाई हातावर चामड्याचा पट्टा मारायच्या. पोरांना ‘बेर्न’ म्हटलं, पट्टा. होकाराला ‘आय’ म्हटलं, पट्टा. आणि त्याच शाळेत जानेवारी आला की बर्न्सच्या कवितांची पाठांतर स्पर्धा व्हायची, त्यात आजींना बक्षीस मिळालेलं! वर्षातून एक दिवस जिचं कौतुक, तीच भाषा उरलेले दिवस गावंढळ. पुढे आजी स्वतःच्या मुलांशी इंग्रजीतच बोलल्या. २०११च्या जनगणनेत पहिल्यांदा विचारलं तेव्हा पंधरा लाखांवर लोकांनी स्कॉट्स येते असं सांगितलं. पण आमच्या टेबलावरच्या तरुण मुलांना त्या आठ कडव्यांतले निम्मे शब्द अडत होते. दोनशे वर्षांहून जुनी पंगत भाषेला वाचवायला पुरली नाही, कारण शाळा तिच्या विरुद्ध बाजूला उभी होती.

म्हणून एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा जे रस्त्यावर उतरले त्यांनी कांगावा केला असं मी म्हणणार नाही. दुकानदारांना, रिक्षावाल्यांना झालेली मारहाण मला अजिबात मान्य नाही, ती भाषेची सेवा नव्हे. पण प्रश्न खराच होता. सुधारित निर्णय १७ जूनला निघाला आणि नेमक्या त्याच दिवशी एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, संसदेने गेलिक (इथली दुसरी जुनी भाषा) आणि स्कॉट्सला अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. आपल्याकडचे दोन्ही निर्णय २९ जूनला मागे घेतले, समिती नेमली गेली. सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात कुठल्या भाषा आणि कधी, हे ठरवणं म्हणजे त्याच्या पोरांशी कोणती भाषा बोलली जाईल हे ठरवणं. आणि इंग्रजीपुढे मराठी आधीच मागे सरली आहे, ते काम हिंदीने केलेलं नाही. ते आपणच आपल्या घरातून केलं.

पंगत मात्र मला हवीच आहे. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, आपण सभागृहात सत्कार करतो, हारतुरे होतात. बसड्रायव्हरने उभं राहून कविता म्हणावी आणि मग सगळ्यांनी थालीपीठ खावं, असं का नाही? मालकीणबाईंनी पबची मागची खोली त्या दिवसासाठी मला दिली आहे. पहिलं नाव आजींनीच नोंदवलं.

त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडेही शाळेत मारायचे का?’

मी म्हटलं, नाही, मला कुणी मारलं नाही. पण माझ्या भाचीच्या, त्याच मामेभावाच्या मुलीच्या, इंग्रजी शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दहा रुपये दंड आहे. आजी काही बोलल्या नाहीत. नुसता माझा हात धरून बसल्या.