लक्ष्मी शंभराला दोन

लक्ष्मी चंचल असते, हे आपल्याला लहानपणीच सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे ती आपल्याकडे आली नाही तर तो तिचा स्वभाव, आणि शेजाऱ्याकडे गेली तर तो शेजाऱ्याचा दोन नंबरचा धंदा, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. तुम्ही मात्र असे हातपाय गाळून बसू नका. मी गेली तेवीस वर्षं लक्ष्मीला घरात आणण्याचं सगळं नेमाने करतो आहे. घराच्या कर्जाचे नऊ वर्षांचे हप्ते अजून शिल्लक आहेत, ते सोडा. अनुभव दांडगा आहे.

सुरुवात पावलांपासून करा. पूर्वी बायका तांदळाच्या पिठात मूठ बुडवून तिची कड जमिनीवर टेकवायच्या आणि वर बोटांनी पाच ठिपके द्यायच्या. झालं लक्ष्मीचं पाऊल. आता दहा पावलांचं स्टिकर मिळतं. ते लावताना बोटं घराच्या आत आहेत ना, एवढं बघा. एका वर्षी मी ती उलटी चिकटवली. म्हणजे लक्ष्मी आमच्या देवघरातून निघून तडक लिफ्टकडे चाललेली. हे लक्षात आलं भाऊबीजेला, तेही बहिणीच्या. तोवर चार दिवस घरातलं प्रत्येक माणूस त्या पावलांवरून चकल्या खात ये-जा करत होतं. त्या वर्षी माझी पगारवाढ नेहमीइतकीच झाली, म्हणजे झाली नाही. पण निदान कारण तरी सापडलं. स्टिकर निघता निघेना, म्हणून त्यावर पायपुसणं टाकलं. तुम्हीही टाका.

पावलं सुलट लागली की दुसरं काम, आत बसलेलीला बाहेर काढायचं. हिचं नाव अलक्ष्मी. नात्याने ही लक्ष्मीची थोरली बहीण. श्रीसूक्तात तिला ज्येष्ठा म्हटलं आहे आणि भूक, तहान, मळ हे तिचं वर्णन आहे. थोडक्यात, घरातल्या थोरलीला उपाशीतापाशी दाराबाहेर काढायचं आणि धाकटीसाठी रांगोळी घालायची. आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्यांचा सराव नक्की कुठे होतो, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बोलून दाखवू नका.

या दोघींची एक जुनी गोष्ट आहे. दोघी एका व्यापाऱ्याकडे गेल्या आणि विचारू लागल्या, आमच्यात सुंदर कोण? खरं सांगावं तर एक रुसणार, खोटं सांगावं तर दुसरी. व्यापारी म्हणाला, लक्ष्मी येताना सुंदर दिसते आणि अलक्ष्मी जाताना. या माणसाचं पुढे काय झालं ते गोष्टीत नाही. माझा अंदाज, तो एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी झाला असावा.

तर अमावास्येच्या मध्यरात्री नव्या केरसुणीने घर झाडायचं, सूप बडवायचं आणि केर घराबाहेर टाकायचा. वाडा असेल तर ठीक आहे, उकिरड्यापर्यंत जाता येतं. फ्लॅटमध्ये ‘घराबाहेर’ म्हणजे समोरच्याचं दार. आमच्या विंगेत चौथ्या मजल्याची अलक्ष्मी रात्री बाराला जिन्यात येते. तिसऱ्या मजल्यावरचे भाविक सव्वाबाराला झाडायला घेतात, तेव्हा ती दुसऱ्यावर जाते. साडेबारापर्यंत चार मजल्यांच्या अलक्ष्म्या तळमजल्यावर जमलेल्या असतात. सकाळी जिना झाडणारी बाई त्या सगळ्यांना एकाच काळ्या पिशवीत भरून घेऊन जाते. तीच बाई पाडव्याला पोस्त मागायला येते. तिला सांगायचं, सेक्रेटरींकडून घे. सेक्रेटरी सांगतात, घरोघर माग. अशा रीतीने कुणाचंच दार न उघडता सण पार पडतो आणि आलेली लक्ष्मी आतल्या आत राहते.

वर्षभराच्या बंदोबस्तासाठी दारावर लिंबू-मिरची टांगा. अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडतं. ती दारातच ते खाते, तृप्त होते आणि निघून जाते, अशी यामागची समजूत. पाहुण्याला उंबरठ्याबाहेरच खायला घालून वाटेला लावण्याची इतकी सभ्य रीत दुसरी नसेल. पार्सल घेऊन चार मजले चढून आलेला पोरगा पाणी मागतो, त्याला मात्र यातलं लिंबूसुद्धा देऊ नका. तो नजर लागू नये म्हणून टांगलेला ऐवज आहे.

आता सोन्याकडे वळू. दसऱ्याला आपट्याची पानं वाटायची, ती का, हे मुलांना जरूर सांगा, पण अर्धंच सांगा. अख्खी गोष्ट अडचणीची आहे. कौत्स नावाच्या शिष्याने गुरूकडे दक्षिणा देण्याचा हट्ट धरला, तेव्हा गुरू वरतंतूंनी वैतागून चौदा विद्यांच्या चौदा कोटी मोहरा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला, तर रघूने सगळं आधीच दान करून टाकलेलं, पाहुण्याचं स्वागत करायला हातात मातीचं भांडं. याचक परत जाऊ नये म्हणून रघू कुबेरावर चालून जायला निघाला, आणि कुबेराने रातोरात सोन्याचा पाऊस पाडला. आपल्याकडे सांगतात, तो आपट्याच्या झाडावर. इथपर्यंत सांगायला हरकत नाही. पुढचं गाळा. कारण पुढे रघू म्हणतो, हे सगळं तुझं. आणि कौत्स म्हणतो, मला चौदा कोटींवर एक मोहर नको. दोन माणसं ढिगाशी उभी राहून ‘तू घे, तू घे’ करत आहेत. मग उरलेलं सोनं गावाने लुटलं. या गोष्टीत एक दाता आहे, एक निर्लोभी विद्यार्थी आहे आणि एक लुटणारी गर्दी आहे. आपण सण कुणाचा ठेवला? गर्दीचा. म्हणून तर ‘सोनं लुटायला’ म्हणतात. तेव्हा लाजू नका. झाडाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात आलेल्या असतात, त्यातल्या बऱ्याच आपट्यासारख्याच दिसणाऱ्या कांचनाच्या झाडाच्या असतात. खोटं सोनं सोन्यासारखंच मनापासून वाटावं.

धनत्रयोदशीला घरी नैवेद्य धणे-गुळाचा. आमची आजी वाटीभर धणे नि गुळाचा खडा ठेवून धन्वंतरीला हात जोडायची, दक्षिणेला तोंड करून यमासाठी कणकेचा दिवा लावायची. खर्च फारतर पाच रुपये, आणि मागणं काय, तर सगळे धडधाकट राहू देत. यात कुणाचाच व्यवसाय होत नाही, हे लक्षात आल्यावर धण्याचं धन झालं. आता त्या दिवशी टोकन घेऊन सराफाच्या दारात दोन तास उभं राहायचं असतं. सोन्याचा भाव 2025 मध्ये तोळ्याला लाखाच्या वर गेला, त्यामुळे माझ्यासारखे लोक एका ग्रॅमचं नाणं घेतात. त्यावर 3 टक्के जीएसटी. दागिना घेतलात तर घडणावळ वेगळी. ती किती, हे विचारू नका. मखमली पेटी समोर ठेवून थंड पेय देणाऱ्या माणसाशी घासाघीस करणं बरं दिसत नाही. हा नियम पक्का लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शेअर बाजाराचं थोडक्यात सांगतो, कारण मला त्यातलं तेवढंच कळतं. मुंबईत दलाल स्ट्रीटवर 1957 पासून लक्ष्मीपूजनाला तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. एरवी ते संध्याकाळी असतात, 2025 मध्ये दुपारी पावणेदोन ते पावणेतीन होते. लक्ष्मी वामकुक्षीला टेकली असेल अशा वेळी मी दोन शेअर घेतले. ती झोपेतच आहे.

राहिली केरसुणी. हिला विसरू नका, कारण पूजेत हीच खरी लक्ष्मी. नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायचं, लाह्या-बत्तासे ठेवायचे, पाय लागला तर नमस्कार करायचा. दुसऱ्या दिवसापासून तीच केरसुणी दाराआड उभी करायची, आल्यागेल्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. घरच्या गृहलक्ष्मीचीही साधारण हीच व्यवस्था असते, पण तो विषय मी आमच्या घरात वाचला जाणाऱ्या लेखात काढत नसतो.

तर सराफाकडून निघालो की कोपऱ्यावर फुटपाथवर एक बाई बसलेली असते. पुढे झेंडू, पणत्या आणि शिंदीच्या पानांच्या छोट्या केरसुण्यांचा ढीग. मी विचारलं, “लक्ष्मी कशी दिली?”

“साठला एक.”

“एवढीशी तर आहे. शंभराला दोन दे.”

“साहेब, पानं आणायची, वाळवायची, बांधायची... परवडत नाही हो.”

मी निघालो. चार पावलं टाकली. हे महत्त्वाचं आहे. तीन टाकलीत तर हाक येत नाही आणि पाच टाकलीत तर परत यायला लाज वाटते. चौथ्या पावलाला मागून हाक आली, “घ्या दादा, भवानी व्हायचीय.”

तिने त्यातल्या त्यात दाट दोन निवडल्या, सुतळीने एकत्र बांधल्या. मी दिलेली शंभराची नोट दोन्ही हातांत धरून आधी कपाळाला लावली, मग केरसुण्यांच्या ढिगावरून ओवाळली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. दुपारचे बारा वाजत आले होते. खिशात नाण्याची मखमली पेटी टोचत होती.

म्हणून सांगतो, तुम्ही जाल तेव्हा आणखी लवकर जा. आठच्या सुमाराला. भवानीचं गिऱ्हाईक ती परत पाठवत नाही, शंभराला तीन देईल.